निळी रेघ

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो. अनोळखी नंबर. पलीकडच्या मुलानं आधी माझं नाव विचारून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "दादा, एकच विचारायचं होतं. त्या नाळेतून तुम्ही नक्की कुठे बाहेर पडलात?"

तो कशाबद्दल बोलतोय हे कळायला मला थोडा वेळ लागला. नाशिकच्या एका हॉस्पिटलमधून बोलत होता. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, आत रॉड टाकलेला. दहा दिवसांपूर्वी तो आणि त्याचा मित्र माझा ट्रॅक मोबाइलवर लावून एका शिखराकडे निघाले होते. माझा, म्हणजे मी चालताना रेकॉर्ड केलेला आणि कुणालाही उतरवून घेता येईल असा इंटरनेटवर टाकलेला. नाळेतल्या एका कातळटप्प्यावरून हा घसरला. "भांडायला नाही केला फोन," तो म्हणाला. "नुसतं पडून असतो ना, मग तेच तेच डोक्यात फिरतं. रेघ तर सरळ वर जात होती."

मी त्याला सांगितलं, की टप्प्याच्या खाली, साधारण पन्नास पावलं आधी, डाव्या हाताला एक उंबर आहे. त्याच्या मुळांना धरून वर चढायचं, मग एक अरुंद पट्टी लागते, ती कडा वळून टप्प्याच्या वर परत नाळेत आणून सोडते.

"हां, उंबर पाहिला होता आम्ही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण रेघ तिकडे वळत नव्हती."

2022 च्या सप्टेंबरातली ही गोष्ट. चहा गार झाला होता. मी तो तसाच पिऊन टाकला.

शिखर कुठलं ते सांगणार नाही. साधारण अंदाज हवा म्हणून एवढंच: अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधे, मुळा नदी उगम पावते त्या अंगाला डोंगरांची एक दाटी आहे. कात्राबाई, गवळदेव, मुडा, घनचक्कर. (घनचक्कर हे खरंच डोंगराचं नाव आहे. मित्राला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, मी त्यालाच म्हणतोय.) यातले काही 1500 मीटरच्या वर जातात. कळसूबाई 1646, साल्हेर 1567, आणि त्यानंतरच्या नंबरांत ही मंडळी येतात. तरी यांची नावं कुणाच्या तोंडी नसतात. बहुतेकांवर किल्ला नाही, त्यामुळे इतिहास नाही. पायऱ्या नाहीत, शिड्या नाहीत, वर गेल्यावर मॅगी मिळत नाही. नुसता डोंगर.

मला तेच हवं होतं. लॉकडाऊन उठल्यावर सगळं पुणं आणि सगळी मुंबई एकदम डोंगरात आली. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रविवारी रेशनच्या दुकानासारखी रांग. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी फोटोसाठी नंबर. मी त्या गर्दीत एक होतोच, पण गर्दीतल्या प्रत्येकाला वाटतं तसं मलाही वाटायचं, की गर्दी म्हणजे बाकीचे. जिथे वाट नाही तिथे जायचं, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर "जिथे वाट नाही तिथे गेलो होतो" असं सांगता यावं, हे ठरवलं होतं. दोन्हीतला फरक तेव्हा कळत नव्हता.

डिसेंबर 2021. शुक्रवारी रात्री मी आणि मित्र बाइकवर निघालो. आळेफाट्याला चहा, मग कोतूळमार्गे राजूर, आणि पहाटे डोंगराखालच्या गावात. शिखर समोरच दिसत होतं. मी दोन आठवडे लॅपटॉपवर नकाशे पाहून एक मार्ग आखला होता. सोंडेनं चढायचं, पदरात जायचं, पदरातून आडवं जात दुसऱ्या बाजूच्या उतारानं माथा. स्क्रीनवर तो उतार फार सज्जन दिसत होता.

सह्याद्री नकाशावर फसवतो, त्याला कारण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास इथे लाव्हारस थरांवर थर असा पसरला. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा पदर होतो. कडा, पदर, पुन्हा कडा, असा अख्खा डोंगर म्हणजे लग्नातला केक. चढायचं म्हणजे प्रत्येक कड्यात कुठेतरी एक फट शोधायची. आता नकाशा बघा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारी नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटरचं अंतर असतं. पंधरा मीटरचा सरळसोट कडा त्या दोन रेषांच्या मधे आरामात झोपून राहतो, नकाशाला पत्ताही लागत नाही. मोबाइलवरच्या बऱ्याच फुकट नकाशांतली उंची तर 2000 सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानानं 11 दिवसांत रडारनं मोजलेली आहे. 30 मीटरच्या चौकोनाला एक आकडा. त्या चौकोनात कडा असला तर तो आजूबाजूच्या आकड्यांत मिसळून गुळगुळीत उतार होऊन जातो. माझा सज्जन उतार असा तयार झाला होता. हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

शनिवारी आम्ही पदरापर्यंत पोचलो आणि कारवीत शिरलो. कारवी ज्यांनी फक्त फुललेली, फोटोत, जांभळी पाहिली असेल त्यांना हे सांगून कळणार नाही. डोक्याच्या वर दीड-दोन हात उंच, बोटाएवढ्या जाड काठ्या एकमेकींना खेटून उभ्या. पुढचा माणूस चार फुटांवर असतो आणि दिसत नाही. पायाखाली जमीन आहे की कडा संपला, ते पाऊल टाकल्यावरच समजतं. मधेच एक मळलेली वाट लागली. आम्ही खूश. अर्ध्या तासानं ती कड्याच्या पोटातल्या पाण्याच्या झिऱ्याशी संपली. ढोरवाट होती. गुरं पाणी प्यायला येतात, त्यांना शिखराशी काय करायचंय? मग आणखी दोन फसव्या वाटा. तीन वाजता आम्ही माझ्या सज्जन उताराच्या जागी पोचलो. तिथे मान वर करून पाहावं लागेल एवढी काळी भिंत होती.

अंधार पडताना गावात उतरलो. हातापायांवर ओरखडे, बाटल्या रिकाम्या. पहिल्याच घराच्या पडवीत एक साठीचा माणूस दोर वळत बसला होता. त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "वर गेल्ते व्हय?" आम्ही नाही म्हटलं. ते हसले. वाईट नाही, आपलं पोर सायकलवरून पडल्यावर हसावं तसं.

त्यांना आम्ही मामा म्हणायला लागलो. रात्री मामींनी नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं वाढलं, पडवीत घोंगड्या दिल्या. मामा म्हणाले, सकाळी मी येतो. हजार रुपये ठरले.

रविवारी मामा कमरेला कोयता अडकवून, पायात प्लास्टिकच्या चपला घालून पुढे, आणि आम्ही महागड्या बुटांत मागे. ते कारवीत शिरले आणि कारवीनं त्यांना वाट दिली, असं वाटलं. खरं तर वाट होतीच. आम्हाला दिसत नव्हती. लहानपणी शेळ्या घेऊन, मोठेपणी हिरडा गोळा करायला ते या पदरात वर्षानुवर्षं येत होते. हिरड्याचं प्रत्येक झाड त्यांना घरच्यासारखं ठाऊक होतं, कुठलं कुणाचं तेही. मी ज्याला जंगल म्हणत होतो त्यात मालकी हक्क होते, भांडणं होती, एका घळीत कुणाची म्हैस पडून मेल्याची आठवण होती. मधेच ते थांबायचे, नाकानं वारा घेतल्यासारखं करायचे आणि दिशा बदलायचे. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाले, "कळायचं काय त्यात. हिकडं आग्या मोव्हाळ हाय." मधमाश्यांचं पोळं. नकाशात तेही नव्हतं.

मग ती नाळ. दोन कड्यांच्या मधली, दगडधोंड्यांनी भरलेली, वर आभाळाची एक चिरी. दोनतृतीयांश चढल्यावर समोर वीसेक फुटांचा कातळटप्पा आला. मला तो सोपा वाटला. खाचा दिसत होत्या. मी पुढे झालो तर मामांनी दंड धरला. "त्यो फसवा हाय. वरल्या अंगाला धराया काय नाय." आणि पन्नास पावलं मागे येऊन त्यांनी उंबर दाखवला. उंबराच्या मुळ्या कातळावरून खाली सोडलेल्या, हाताच्या घासणीनं गुळगुळीत झालेल्या. किती हात लागले असतील त्या मुळ्यांना? मी तेव्हा हे मोजलं नाही. मी मोबाइलची बॅटरी बघत होतो. ट्रॅक रेकॉर्ड होत होता.

साडेअकराला माथ्यावर पोचलो. उत्तरेला भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे कळसूबाईची रांग, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा अजस्र आडवा देह, पश्चिमेला आजोबा आणि त्याच्यापुढे जमीन एकदम संपून खाली कोकणाचं धुरकट. वारा. एकही माणूस नाही. मला रडू येईल असं वाटलं, आणि हे मी आजही खोटं म्हणणार नाही. शेंदूर फासलेला एक तांदळा होता, शेजारी गंजलेला त्रिशूळ. मामांनी चपला काढून हात जोडले. तांदळ्यापाशी नारळाची करवंटी होती, फार जुनी नव्हती.

फोटो टाकताना मी ती करवंटी क्रॉप केली.

आता हे सांगायचं आहे, आणि हे सांगायलाच लिहायला बसलो. घरी आल्यावर मी ट्रॅक कॉम्प्युटरवर उघडला. शनिवारचं भटकणं उडवून टाकलं, कारण ते चुकीचं होतं, उगाच कुणाला गोंधळात कशाला टाका. मधे बसून आम्ही भाकरी खाल्ली तिथे ठिपक्यांचा गुंता झाला होता, तोही काढला. राहिली नाळ. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि जीपीएस भ्रमिष्ट होतं. तिथे रेघ तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे उड्या मारत होती, एके ठिकाणी तर कड्याच्या आत शिरली होती. वाईट दिसत होतं. मी खालचा एक बिंदू धरला, वरचा एक धरला आणि मधे सरळ रेघ ओढली. उंबर तिथे गेला. पुढे शीर्षक दिलं: "ऑफ-ट्रेल, विनागाईड, स्वतः शोधलेली वाट."

मित्र म्हणाला होता, "मामांचं लिही ना रे." मी म्हटलं, नंतर टाकतो. मनात मी असाही हिशेब केला होता, की शनिवारी आपण स्वतःच गेलो होतो, सत्तर टक्के वाट तर तीच. म्हणजे अगदीच खोटं नाही. दोनशेच्या वर लोकांनी तो ट्रॅक उतरवून घेतला. खाली "भावा, रिस्पेक्ट" अशा कमेंटा. मी त्या झोपायच्या आधी वाचायचो.

त्या मुलाच्या फोननंतर मी ट्रॅक काढून टाकला. दोन महिने तिकडे जायचं धाडस झालं नाही. नोव्हेंबरात गेलो, एकटाच. राजूरला पेढे घेतले. पेढे घेऊन काय होणार होतं, पण रिकाम्या हातानं जाववेना.

मामा शेतावर होते. मामींनी पेढ्यांचा पुडा घेतला, फळीवर ठेवला आणि उभ्या राहूनच बोलल्या. रात्री आठला पोरगं रडत आलं, सगळं चिखलानं भरलेलं. पाऊस चालू. मामा आणि सहा-सात जण बॅटऱ्या घेऊन निघाले. नाळेत पाणी वाहत होतं. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्यात त्याला घालून खाली आणलं, सडकेला लागायला पहाटेचे तीन वाजले. जीप सांगून ठेवली होती, तिनं राजूरला नेलं. "त्याचा पाय मोडला, त्यो भरून यील," मामी म्हणाल्या. "ह्यांचा घसरला असता तर मी कुनाला इचारायचं?" मग आत गेल्या आणि चहा टाकला. चहा दिला त्यांनी. पण त्या दिवशी भाकरीचं विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मामा आले तेव्हा डावा खांदा धरून चालत होते. झोळीच्या वजनानं भरला होता, तो अजून सुटला नव्हता. त्यांना वेगळंच कोडं पडलं होतं. "पोरांना नाळ घावली कशी? त्या वाटंला गावातलीबी चारदोन मानसंच जात्यात."

मी सांगितलं. ट्रॅक म्हणजे काय, तो कसा निघतो, कसा टाकतात, सगळं. मूळ फाइल माझ्या फोनमध्ये होती, स्वच्छ केलेलीही होती. दोन्ही दाखवल्या. मामांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. स्वच्छ केलेल्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "ह्यो मी का तुमी?"

"दोघंही."

"मंग आपन बसलो कुठं? झिऱ्यावर बसून भाकर खाल्ली ती?"

ती मी काढली होती. मूळ फाइल उघडून दाखवली. ठिपक्यांच्या गुंत्याकडे पाहून त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "हां, हे बराबर. आन् उंबर?" उंबराच्या जागी रेघांचं जाळं होतं, वेडंवाकडं, कड्यात घुसलेलं. ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "ही खरी हाय. हितं मानूस घाबारतोच."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. ते खांदा चोळत होते. "तुमी लिवलं नाय का, मानूस घ्या म्हून?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. ते "बरं" म्हणाले. शनिवारची भिंत, ओरखडे, रिकाम्या बाटल्या, कोयता, दंड धरणारा हात, हे सगळं असलेली एक गोष्ट माझ्याकडे होती आणि तिच्यातून मी एक निळी रेघ तेवढी बाहेर काढली होती, हे त्या "बरं"नं मला जितकं टोचलं तितकं मामींच्या बोलण्यानंही टोचलं नव्हतं.

काढून टाकलेला ट्रॅक गेलेला नाही. ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याकडे तो आहेच. एका ग्रुपवर तर तो माझ्या नावाशिवाय फिरताना मी पाहिला, आणि क्षणभर मला राग आला की माझं नाव काढलं. क्षणभरच. मग मी तिथे लिहिलं, की नाळेत रेघेवर विश्वास ठेवू नका, पावसात जाऊच नका, गावातून माणूस घ्या. खाली एकानं विचारलं, "तुम्ही गेलाय का कधी?"

जुने ट्रेकर म्हणतील, आमच्या वेळी हे नव्हतं. हरीश कपाडियांचं पुस्तक आणि गावात विचारपूस, बस. खरं आहे. पण विचारपूस करावी लागायची ती नाइलाजानं, आपल्यापैकी कुणी जास्त सभ्य होतं म्हणून नव्हे. आज नाइलाज राहिला नाही, त्यामुळे विचारायचं की नाही हे आपल्यावर आलंय. आणि मी हे लिहितोय म्हणून फोन घरी ठेवून जातो असंही नाही. मी अजूनही रेकॉर्ड करतो. परतताना धुकं आलं तर आपलीच रेघ आपल्याला खाली आणते, तिची ती किंमत आहेच. फक्त आता ती गुळगुळीत करत नाही, आणि कुठे टाकत नाही.

त्या दिवशी निघताना मामा नाळेच्या तोंडापर्यंत सोबत आले. नाळ नुकती कोरडी पडली होती. सोनकी वाळून गेली होती. चालता चालता ते कारवीची एखादी काठी मधेच मोडून आडवी घालायचे. मी विचारलं, खूण का? म्हणाले, "दोन दिसांनी पोरं हिरड्याची झाडं बघाया येनार हायेत. त्यांच्यासाठी." पुढच्या पावसापर्यंत टिकेल का? "कशाला टिकाया पायजे?"

गेल्या आठवड्यात त्या मुलाचा मेसेज आला. रॉड काढला, फिजिओथेरपी संपली, थोडा लंगडतो पण डॉक्टरांनी डोंगराला परवानगी दिली आहे. त्याला परत जायचंय. यावेळी ट्रॅक नको, म्हणाला, मामांचा नंबर द्या.

नंबर देण्याआधी मी मामांना फोन लावून विचारलं. पलीकडे मळणीचा आवाज येत होता. मामा जरा वेळ काही बोलले नाहीत, मग कुणालातरी बैल धरायला सांगितलं.

"येऊ द्या," म्हणाले. "पन भात घरात आल्यावर. आन् झोळीतनं खाली आनलं तवा त्याची एक चप्पल वरच ऱ्हायली, ती मी ठिवलीय म्हनावं."